वैशू कोल्ड स्टोरेजमध्ये नव्हती

चौकातला बॅनर मी फाडला. सीसीटीव्ही बघत बसू नका.

वैशू, माझ्या भावाची पोरगी. तिला जाऊन आज वर्ष झालं. तापाने आठ दिवसांत गेली.

बॅनरवर तिचा फोटो छोटा, पुढाऱ्यांचे मोठे. खाली काय, तर 'कोल्ड स्टोरेज विशेषज्ञ'.

बनवणाऱ्याला फोन करून झापला.

तो म्हणाला, "आत्या, तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होत्या."

खरं आहे. मीच.

मी आठवी पास. आमच्या केळी पिकवायच्या खोल्या. वैशू बेंगलोरला रिसर्च करायची. फोनवर म्हणाली, काम मायनस दोनशे साठच्या खाली चालतं. पुढचं मी ऐकलंच नाही. थंडी म्हणजे कोल्ड स्टोरेज. साऱ्या बुऱ्हाणपूरला सांगून मोकळी झाले.

मग ती सुट्टीत आली की केळीवाले विचारायचे, बेटा, खोली किती डिग्रीवर ठेवू? लग्नात बायका हसायच्या, इतकं शिकून बर्फ सांभाळते.

तिने मला कधी खोटं पाडलं नाही.

फक्त शेवटच्या दिवाळीत मागे लागली. "आत्या, दोन मिनिटं ऐक. एक क्रिस्टल आहे. त्याच्या आतून करंट जात नाही, फक्त वरच्या कातडीवरून जातो. तिथले इलेक्ट्रॉन मध्ये खडा आला तरी सहसा माघारी फिरत नाहीत."

मी विचारलं, मग थंडी कशाला?

"गरम झालं की आतलेही चालू होतात. वरचे धक्के खातात. त्या गोंधळात वरच्यांचं काही कळत नाही. थंड केलं की आतले गप्प बसतात, मग वरच्यांचं ऐकू येतं."

मी म्हटलं, म्हणजे कोल्ड स्टोरेजच ना.

ती हसली नाही.

"हो आत्या. तेच."

उठून आत गेली. त्यानंतर कामाचं एक अक्षर बोलली नाही माझ्याशी.

तेव्हा ऐकलं नव्हतं. आता शब्द न शब्द आठवतो. काय उपयोग.

नवीन बॅनर नको. लिहायचंच असेल तर एवढंच लिहा: वैशू गरमी-थंडीत इलेक्ट्रॉन कसे चालतात ते बघायची.

या पोस्टखाली फुलं आणि हात जोडलेले इमोजी टाकू नका.

पोरी, आता मी गप्प बसले.
सांगायला तू नाहीस.

वयाने मोठी आहे, तरी तुला हात जोडते.