मडमबाईंच्या वहीतले अर्थ

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्याच नाकावर इंग्रजी पाच इयत्तांचा ताठाही होता. लग्न होऊन वाशिमहून हिंगोलीला आले तेव्हा ट्रंकेत तळाशी वडिलांनी दिलेला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. ट्रंक उचलताना सासूबाईंना तिचं वजन लागलं आणि त्यांनी मनातल्या मनात दागिन्यांचा हिशेब केला. झाकण उघडल्यावर त्यांचं तोंड जे उतरलं ते दिवाळीपर्यंत वर आलं नाही. हिंगोलीत निजामाचा अंमल, शाळा उर्दूच्या. अख्ख्या गावात इंग्रजी येणारी बाई मी एकटीच, असा माझा समज होता आणि तो मोडायला कोणी पुढंही येत नव्हतं.

आमचे हे कापसाच्या जिनात कारकून होते. जिन एका ग्रीक माणसाचं. तो कापूस खरेदीला म्हणून आला, इथलाच झाला आणि मी यायच्या आधी वारलाही. मागं त्याची ग्रीक बायको जिन चालवायची. तिला सगळे मडमबाई म्हणत. काळा झगा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केसांत कापसाचे पुंजके. आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यावरून कापूस निवडायला येणाऱ्या बायकांमध्ये ती वीस वर्षं वावरली होती, त्यामुळं तिची मराठी थेट त्यांचीच. पहिल्या भेटीत मी माझी ठेवणीतली भाषा काढून विचारलं, "आपली प्रकृती कशी आहे?" तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "ही कोन्त्या मुलखाचं बोलून राहिली?" मी दोन दिवस धुसफुसत होते.

तिला एकच मुलगा. वडिलांमागं त्यानं जिन सांभाळावं अशी तिची इच्छा, आणि ह्याला बोटीवर जायचं होतं. भांडण विकोपाला गेलं आणि सगळ्या कामगारांसमोर ती म्हणाली, "जाय, पुन्हा तोंड दाखवू नको." पोरगा तिच्याच वळणाचा. गेला. दोन वर्षं त्याची चिठ्ठी ना चपाटी. मग लढाई सुरू झाली आणि एक दिवस त्याचं पत्र आलं, पण आलं ते इंग्रजीत.

मडमबाईंना इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं. ह्यांची इंग्रजी 'माल पोचला, पावती पाठवा' एवढी. 'डिअर मदर' पार केलं आणि गाडी चिखलात रुतली. शिवाय आपल्याच कारकुनाच्या तोंडून लेकाचं पत्र ऐकणं त्या बाईला नको होतं. ह्यांनी माझं नाव सुचवलं. त्या वेळी मी आनंद लपवून "बघते, सवड झाली तर" असं म्हटल्याचं आठवतं. सवडीशिवाय माझ्याकडं दुसरं होतं काय?

सून एकटी बंगल्यावर कशी पाठवायची, म्हणून सासूबाई सोबतीला निघाल्या. मडमबाईंच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही असं ठरवून त्यांनी आपला तांब्या बरोबर घेतला. आम्ही तिघी व्हरांड्यात बसलो, मी कोश मांडीवर घेतला आणि वाचू लागले. पहिल्या ओळींतच मुलानं कारण लिहिलं होतं. ग्रीकमध्ये लिहिलेली पत्रं लढाईतले सरकारी तपासनीस महिनोन्महिने अडकवून ठेवतात, इंग्रजी लवकर सोडतात, म्हणून हे इंग्रजी. मडमबाईंना ते पटलं आणि नाहीही पटलं. "का राग हाय अजून?" तिनं विचारलं. पुढं सहा वर्षं प्रत्येक पत्रात ती तेवढंच शोधत होती. राग हाय का, आणि पोरगं येतं का.

तिला ते पत्र ग्रीकमध्ये हवं होतं. लेकाचं बोलणं लेकाच्या बोलीत वाचायचं होतं. म्हणून मी मराठीत सांगायचं आणि तिनं वहीत ग्रीक करून लिहायचं असं ठरलं. 'आय अॅम वेल' आलं. मी म्हटलं, "बरा आहे." तिनं लिहिलं. मग तिची नजर कोशावर गेली.

"हे खाली काय लिहेल हाय?"

"ते दुसरे अर्थ. ते इथं लागत नाहीत."

"काहून लागत न्हाईत? लेक माझा हाय का तुझा?"

माझं डोकं फिरलं. पाच इयत्ता शिकलेल्या बाईला असं विचारायचं म्हणजे काय? "मग घ्या सगळे," म्हणून मी तणतणत 'वेल'खाली जेवढं होतं तेवढं वाचून दाखवलं. बरा, चांगल्या रीतीनं, पुरेपूर, विहीर. मला वाटलं, आता ती वैतागेल. ती शांतपणे एकाखाली एक आकडे घालून लिहीत गेली. बरा म्हणजे ग्रीकमध्ये 'कला'. विहीर म्हणजे 'पिगादी'. लिहून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आता पुढचं."

अशी ती पद्धत माझ्या रागातून निघाली आणि तीच कायम झाली. मी डावीकडं इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा, त्याखाली ती एक, दोन, तीन असे आकडे घालून ग्रीक लिहिणार. एकही अर्थ सोडायचा नाही. मुलाचं पत्र पानभर असायचं आणि वहीत त्याची सात पानं व्हायची.

मला वाटायचं, इंग्रजी आली की काम झालं. पण कोशातली मराठी मडमबाईंना कळत नव्हती. मी म्हणायची 'निश्चल', ती म्हणायची, "मला येती ती मराठी सांग." मग मी सासूबाईंकडं बघायची. सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणायच्या, "निश्चल म्हंजे बैल उन्हात उभा ऱ्हायतो तसं. हालत न्हाई, डुलत न्हाई." मडमबाई लगेच लिहायच्या. इंग्रजी माझी, ग्रीक मडमबाईंची, पण दोन्हींच्या मधला पूल सासूबाईंचा होता, ज्यांना स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. हे कबूल करायला मला वर्ष लागलं. कबूल केलं तेही मनातच.

काय हसलो आम्ही त्या व्हरांड्यात! मुलानं लिहिलं, जेवण 'प्लेन' आहे. कोशात साधं, स्पष्ट, सपाट मैदान. सासूबाई म्हणाल्या, "सपाट जेवण म्हंजे भाकरीच की. चांगलं हाय." हवा 'फेअर' आहे म्हटलं त्यात गोरी निघाली, न्यायाची निघाली आणि जत्राही निघाली. "बोटीवर जत्रा?" मी वैतागले. "असंल," मडमबाई म्हणाल्या, "त्याला जत्रा लई आवडायची. औंढ्याच्या जत्रेत हरवला व्हता एकडाव." जत्रा लिहिली गेली. जिनाचा आवाज मी 'मिस' करतो, असं आलं तेव्हा त्या एका शब्दातून कुमारिका बाहेर पडली. दोघी मायांनी एकमेकींकडं जे पाहिलं ते पाहून मी कोश मिटला आणि घरी जाते म्हटलं. कोणी जाऊ दिलं नाही.

पण 'हार्ड' आला त्या दिवशी कोणी हसलं नाही. काम 'हार्ड' आहे, एवढंच त्यानं लिहिलं होतं. कठीण, टणक असं लिहून झालं. तिसरा 'निष्ठुर'. सासूबाईंनी त्याची मराठी करून सांगितली, "दगडाच्या काळजाचं." मडमबाईंची पेन्सिल थांबली. मी म्हटलं, "हा सोडून द्या. तो कामाबद्दल बोलतोय." तिनं मान हलवली आणि तोही लिहिला. "मी व्हतेच तशी त्या दिवशी," ती म्हणाली. सासूबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. "बाई, रागावलेलं लेकरू मायला जेवनाची खबर देत न्हाई. राग न्हाई त्याच्यात. माझं ऐक." त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाईंनी मडमबाईंची कॉफी घेतली. एवढीशी पेली, तळाशी गाळ. घरी येताना मला बजावलं की तो काढा होता आणि औषधाला विटाळ नसतो. पुढं त्यांना त्या औषधाची रोज गरज पडू लागली.

उत्तरं मडमबाई मराठीत सांगायच्या आणि मी इंग्रजीत लिहायची. सरकी किती निघाली, कोंबडी खुडूक बसली, इंजिनाचा पट्टा तुटला. जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं. मी चिडून विचारायची, "येतोस का, एवढं विचारत का नाही?" ती म्हणायची, "विचारलं आन् न्हाई म्हनला तर?" अशी चार वर्षं गेली. एकदा मात्र पत्र संपवून सही करायच्या वेळी म्हणाली, "खाली लिव्ह. घरी येशील का म्हनून विचार." मी लिहिलं. तिचं मन फिरायच्या आत पाकीटही चिकटवलं.

त्यानंतर दहा महिने काही आलं नाही. रोज टपाल बघून हे घरी यायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची. मडमबाई जिनात पहिल्यासारखीच ओरडायची, पण दुपारी व्हरांड्यात वही उघडून जुनी पानं वाचत बसायची. विहीर, जत्रा, सपाट जेवण, सगळं. तिची ती वाकलेली मान पाहून मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला रागच यायचा. मी त्या पोराला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या.

मग पत्र आलं. चार ओळींचं. बोट बुडाली, मी वाचलो, दवाखान्यात आहे, पायाचं हाड जुळतंय. त्यातले सगळे शब्द आम्ही भराभर काढले. जीव वाचल्याच्या आनंदात सासूबाई रडत होत्या, हसत होत्या आणि भलतेच अर्थ सांगत होत्या. शेवटी खाली, तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, एकच शब्द होता. 'परहॅप्स.'

मी शब्द वहीत लिहिला. कोश उघडला. 'कदाचित.' त्यापुढं पुढचा शब्द सुरू होत होता. ज्या इंग्रजीत एकेका शब्दाच्या पोटी चार-चार अर्थ, त्या इंग्रजीत हा एकटा रिकामा निघावा, ह्याचा मला इतका संताप आला की कोश आपटावासा वाटला.

"कदाचित," मी म्हटलं.

तिनं एकचा आकडा घातला, लिहिलं. मग त्याखाली दोनचा आकडा घातला आणि पेन्सिल टेकवून माझ्याकडं पाहत राहिली.

मी कोश मिटला. "दुसरा अर्थ," मी म्हटलं, "येणारच आहे, फक्त दिवस ठाऊक नाही."

सासूबाईंनी माझ्याकडं चमकून पाहिलं. मडमबाईंनी लिहिलं, लिहायला नेहमीपेक्षा जरा वेळच लागला, आणि वही मिटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. शिकलेल्या बाईनं शब्दाशी खोटं बोलावं, ही लाज होती. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन, हेही ठाऊक होतं.

तो आला लढाई संपल्यावर, उन्हाळ्यात, हंगाम उरकून जिन बंद होतं तेव्हा. लंगडत, काळवंडलेला, पण बोलायला लागला तर अस्सल हिंगोलीचा. आईशी ग्रीक, बाकीच्यांशी "काय मावशी, वळखलं न्हाई व्हय?" सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मडमबाई तीन दिवस नुसती रांधत होती आणि येईल त्याला जेवायला बसवत होती.

चौथ्या दिवशी तिनं आम्हांला बोलावलं. वही त्याच्या पुढ्यात ठेवली, पेन्सिल हातात दिली आणि आम्हांलाही कळावं म्हणून मराठीतच म्हणाली, "जे तुझ्या मनात नव्हतं ते खोडून टाक."

तो वाचू लागला आणि थोड्या वेळानं खुर्चीत मागं कलून हसू लागला. विहीर खोडली. जत्रा खोडली. कुमारिका खोडताना आईकडं चोरून बघितलं. माझ्या सहा वर्षांच्या मेहनतीवर काट मारली जात होती आणि मीही हसत होते. 'हार्ड'पाशी तो थांबला, तिसरी ओळ दोनदा खोडली आणि तसाच आईचा हात धरून काही वेळ बसला.

पानं संपत आली. 'परहॅप्स'चं पान उघडलं. माझ्या अक्षरातला तो शब्द मला उलट्या बाजूनंही दिसत होता आणि खालच्या तिच्या दोन ओळीही. त्यानं दोन्ही वाचल्या आणि मान वर केली. मला राहवलं नाही.

"तो दुसरा मी घातला," मी म्हटलं. "कोशात नव्हता. मडमबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "त्या वक्ताला तू पुस्तक मिटून बोललीस."

"मग लिहिलात काहून?" कधी नव्हे तो माझ्याही तोंडून 'काहून' गेला.

"लई मायेनं देऊन राहिली व्हतीस, पोरी. मी घेतला."

 तिचा लेक आमच्या दोघींकडं पाहत होता. मग तो वहीवर वाकला, पेन्सिल टेकवली आणि पहिली, 'कदाचित'ची ओळ खोडली.