बरी शे

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तात्या निकमांनी मला दारातून परत पाठवलं. माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. मुलगी पहिल्यांदा कामाला निघाली म्हणून आईने हौसेने माळला होता. तात्यांनी नाव विचारलं नाही, कागद पाहिले नाहीत. "मोगरा बाहेर ठेवून या," एवढंच म्हणाले. मी गजरा स्कूटीच्या डिकीत टाकून परत आले, तर त्यांनी हातभर अंतरावरूनच हवा हुंगली. "खोबरेल. आज कँटीनमध्ये बसा. उद्या डोकं धुऊन या."

पगाराचा पहिला दिवस मी चहा पिण्यात घालवला. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या वर्गात पहिली आलेली मुलगी केसांच्या तेलावरून नापास झाली, हे घरी कसं सांगायचं ते कळेना. आईचं आधीच अवघड चाललं होतं. आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत ती "सुजाता फळप्रक्रियेत लागली" असं सांगत होती. दिंडोरीजवळच्या वाइनरीत फळांवर जी प्रक्रिया होते, तिचं नाव ती घेत नसे.

तात्या तिथले मुख्य चाखणारे. सटाण्याकडचे. बी.एस्सी. करून काही वर्षं साखर कारखान्यात काढली आणि मग द्राक्षांकडे आले. उंच, वाकलेले, पांढरा सदरा कायम इस्त्रीचा, आणि चेहऱ्यावर सगळ्यात मोठं नाक. दिवसभरात शंभर घोट तोंडात घेत आणि शंभरच्या शंभर शेजारच्या स्टीलच्या तपेल्यात थुंकत. संध्याकाळी घरी जाऊन दूध-भाकरी खात. "पिणारे गावभर आहेत," ते म्हणत. "चाखणारा एखादाच असतो. पिणाऱ्याला काय वाटलं ते ग्लास रिकामा झाल्यावर आठवत नाही."

रोजच्या लाल-पांढऱ्या वाइनचं काम ते चोख करत, पण त्यांचा जीव होता तळघराच्या मागच्या भिंतीला लावलेल्या लाकडी बॅरलांत. त्यांत पोर्तुगालच्या पोर्टसारखी गोड, कडक वाइन होती. ती करायची रीत तात्यांनी मला अशी समजावली: "द्राक्षाचा रस आंबायला लागला, म्हणजे भांडण सुरू झालं. भांडण रंगात आलं की मधेच मोठ्या माणसाने येऊन बसायचं. सगळं गप्प." मोठा माणूस म्हणजे द्राक्षांचंच गाळलेलं कडक मद्य. ते ओतलं की आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन वर्षानुवर्षं टिकते. तात्या दर वर्षीची वाइन वेगळी ठेवत, एका सालाची दुसऱ्यात मिसळू देत नसत. "वाइन नाही, साल चाखायचं. त्या साली पाऊस किती होता, ऑक्टोबरातली गोडी छाटणी लवकर झाली की उशिरा, सगळं हिच्या पोटात असतं."

या सगळ्या सालांची एकमेकांशी तुलना वर्षातून एकदाच व्हायची, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. सटाण्याकडे या सणाला आखाजी म्हणतात आणि आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. तात्यांचं म्हणणं, मग बॅरलांतल्या या लेकींनीच वर्षभर अंधारात का बसावं. प्रत्येक बॅरलमधून थोडी थोडी काढून ते ग्लास ओळीने मांडत, थोरलीपासून धाकटीपर्यंत. छापील तक्त्यावर इंग्रजीत प्लम, सीडर असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. तात्या तो तक्ता ग्लासांखाली अंथरायला वापरत. त्यांचा स्वतःचा कोश होता. काकवी, खारीक, सुंठ, कटाची आमटी, गुळाच्या ढेपेची खालची बाजू, दिवाळी सरल्यावर उघडलेला अनारशांचा डबा. एका वाइनला त्यांनी "कपाटातली शाल" म्हटलं. मी हसले, आणि मग हुंगलं तर खरंच शाल होती, डांबराच्या गोळीसकट.

हे सगळं वर्णन मात्र दुसऱ्यांच्या वाइनसाठी असायचं. मालकांचा मुलगा राहुल परदेशातून बाटल्या आणायचा, शेजारचे वाइनवाले नमुने पाठवायचे. त्या चाखताना तात्यांची वाणी नुसती वाहायची. "काय हात आहे हो त्या माणसाचा! पाया पडावं." आणि स्वतःच्या बॅरलपाशी आले की तोंड मिटायचं. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, तपेल्यात थुंकायचं आणि पुटपुटायचं, "बरी शे."

शे म्हणजे आहे. एरवी ते कामावर आमच्यासारखंच बोलत. फक्त या दोन शब्दांपुरती त्यांची सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तात्यांनी उलटी करून घेतली होती. गुणांच्या रकान्यातही आपल्या वाइनला ते सरळसरळ दोन गुण कमी देत. मी एकदा वाद घातला. म्हणाले, "आपल्या लेकराला आपणच देखणं म्हटलं की दृष्ट लागते. गारपिटीच्या आदल्या दिवशी मी बागेत उभा राहून म्हणालो होतो, यंदा माल झकास आहे." यावर रसायनशास्त्रात उत्तर नव्हतं.

मला याचा राग यायचा, त्याला वेगळंही कारण होतं. माझ्यासोबत नीलेश नावाचा पुण्याचा एक मुलगा लागला होता. तात्या त्याला सगळ्यांसमोर हिरा म्हणायचे. "काय नाक दिलंय देवाने पोराला!" मी रात्रीचा दिवस करून आम्लाचे, साखरेचे आकडे काढायचे, आणि हिरा चहाला गेलेला असायचा. वर्षअखेरीला राहुलने तात्यांना आमच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी दाराबाहेरच होते. नीलेशवर पाच मिनिटं झाली. "आणि सुजाता?" राहुलने विचारलं. आतून घसा खाकरल्याचा आवाज. मग, "बरी शे." त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हटलं, दुसरी नोकरी बघते. आई म्हणाली, बघ, पण फळप्रक्रियेतच बघ, कॉलनीत पुन्हा नवं सांगायला लावू नकोस.

नीलेशने त्याच उन्हाळ्यात जास्त पगारावर दुसरीकडे उडी मारली. मी राहिले. बॅरलांची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर तात्यांचीही.

मग काही वर्षांनी एके दिवशी राहुल तळघरात आला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "तात्या, हे किती वर्षं असंच पडून राहणार? जागा अडते. विकत तर काही नाही." तो वाईट नव्हता, त्याला धंदा सांभाळायचा होता. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलच्या बारचं काम पाहणाऱ्या बाई येणार होत्या. त्यांना एका सालाची, मुरलेली गोड वाइन हवी होती. राहुलने ठरवलं, त्यांच्यासमोर आपली एक आणि पोर्तुगालच्या दोन, अशा नावं झाकून चाखायला ठेवायच्या. आपली टिकली तर बॅरलं राहतील. नाहीतर सगळं एकत्र करून गाळायला पाठवायचं, पुन्हा नुसतं मद्य. तात्या "बरं" म्हणाले आणि फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेली बॅरलं पुसत बसले.

माझी भीती वेगळीच होती. बाईंना तात्यांचंही मत हवं होतं. तात्या आपली वाइन वासावरून ओळखणार, दोन गुण कापणार, "बरी शे" म्हणणार आणि स्वतःच्या हाताने बॅरलं गाळायला पाठवणार. मी विनवलं, "तात्या, एक दिवस तरी चांगलं म्हणा."

"लोकांसमोर आपल्या लेकीचे गोडवे गायचे? लाज वाटत नाही का?"

"लेक गाळायला चाललीय तात्या."

त्यांनी फडकं झटकलं आणि पुन्हा पहिल्या बॅरलपासून पुसायला घेतलं.

त्या आठवड्यात मी जुनी लेबलं शोधत होते, तर लेबलांच्या खोक्यांमागे आडव्या रचलेल्या बाटल्या सापडल्या. धुळीने माखलेल्या, खडूने साल लिहिलेल्या. तात्यांच्या अगदी पहिल्या सालाची वाइन. तेव्हा बॅरलं कमी पडली म्हणून थोडी बाटल्यांत भरली होती, आणि मग बाटल्या विसरल्या गेल्या. मी एक उघडली, मलमलीतून गाळ काढला आणि हुंगली. तिथेच खोक्यावर बसून पुन्हा हुंगली. बॅरलमध्ये वाइनला लाकडातून हवा लागत राहते, तिचा रंग उतरतो, चव खारीक-बदामाकडे जाते. ही काचेत श्वास कोंडून वाढलेली होती. काळीभोर, आणि अजून फळाची. राहुलला त्यातलीच दुसरी बाटली दिली आणि म्हटलं, आपली म्हणून हीच ठेवू. तात्यांना सांगितलं नाही. वाटलं होतं, ते क्षणात ओळखतील.

बाई आल्या. चष्मा, आखूड केस, बोलणं कमी. तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या, ओतत मी होते. बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा, तुम्ही मोठे आहात."

पहिल्या ग्लासाला तात्यांनी चांगलं म्हटलं, थोडी सुंठ, थोडी घाई. दुसरा ग्लास उचलला आणि बराच वेळ नाकाशीच धरून ठेवला. घोट घेतला. थुंकायला तपेलं पुढे ओढलं आणि थुंकलेच नाहीत. इतक्या वर्षांत तात्यांना गिळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"ही घरंदाज आहे," ते म्हणाले. "जांभूळ आहे, पण झाडाखाली पडलेलं, ऊन खाल्लेलं. मग काकवी येते. वाटतं संपली, तर मागून लवंग येते. बाई, हिचा शेवट अजून माझ्या तोंडात चालूच आहे. ज्याने केली त्याला काही घाई नव्हती. त्या माणसाला एकदा भेटायला पाहिजे."

मग तिसरा ग्लास. पिंगट रंग, खारीक, बदाम. तात्यांचा चेहरा मिटला. त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं, घसा खाकरला आणि खाली बघत म्हणाले, "बरी शे."

ते ऐकलं आणि मी बाटल्यांचा क्रम मनातल्या मनात पुन्हा लावून पाहिला. तिसरी पोर्तुगालची होती, लाकडात मुरवलेली. तात्यांनी तिला आपल्या बॅरलातली समजून घरच्या रिवाजाप्रमाणे गुण कापले होते. आणि दुसरीला…

बाईंनी तिन्ही चाखल्या, दुसरीवर परत आल्या, पुन्हा चाखली. "मीही हेच म्हणणार होते, फक्त मला जांभूळ सुचलं नसतं," त्या म्हणाल्या आणि राहुलला कागद काढायला सांगितलं. राहुलने दुसऱ्या बाटलीवरचं वर्तमानपत्र सोडलं. खडूने लिहिलेलं साल तात्यांच्याच अक्षरात होतं.

तात्या ते अक्षर बघत राहिले. आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल, पण माणूस घाबरला होता. ते उठून बाहेर गेले. बाईंना वाटलं, म्हातारा गहिवरला. मी मागोमाग गेले तर ते कँटीनमध्ये आचाऱ्याकडे मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मागत होते.

"तू ठेवलीस ती बाटली?"

"हो."

"माझ्या तोंडून काय काय वदवलंस. आता शेगडी आण."

तेलाच्या वासावरून माणसं परत पाठवणाऱ्या तात्यांनी तळघरात एकेका बॅरलवरून मिरच्यांची मूठ उतरवली, मग त्या बाटल्यांवरून. शेगडी मात्र अंगणात, वाऱ्याची दिशा बघून पार कुंपणापाशी ठेवायला लावली. मूठ निखाऱ्यांवर पडली आणि असा ठसका उठला की आम्ही दोघं, आचारी आणि गेटवरचा रखवालदार खोकून खोकून लाल झालो. दृष्ट लागलेली असली तर मिरची ठसकत नाही, असं म्हणतात. तात्या डोळे पुसत समाधानाने म्हणाले, "नव्हती लागली." ते पाणी सगळं मिरचीचंच होतं, असं मला वाटत नाही.

बॅरलं राहिली. बाटल्या मुंबईला गेल्या, पुढच्या सालांचीही मागणी आली. गंमत म्हणजे पुढच्या आखाजीला ओळीने ग्लास मांडले, तेव्हा तात्या पुन्हा पहिल्या ग्लासापासून शेवटच्यापर्यंत "बरी शे, बरी शे" करत गेले. मी गुणांचा तक्ता हातात घेऊन उभी होते, आणि या वेळी मला राग आला नाही. प्रत्येक "बरी शे"त मी मनातल्या मनात दोन गुण मिळवून घेतले.

गेल्या वर्षी तात्या निवृत्त झाले. मुलाने सटाण्याकडे डाळिंबं लावली आहेत, तिकडे राहायला गेले. निरोपाला मालक होते, राहुल होता, मुंबईच्या बाईसुद्धा मुद्दाम आल्या होत्या. सगळ्यांची भाषणं झाली. तात्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी राहुलच्या शिस्तीचं कौतुक केलं, आचाऱ्याच्या पोह्यांचं केलं, इतकंच काय, वर्षभरात पळालेल्या नीलेशच्या नाकाचंही केलं. मग खिशातून तळघराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. बाईंनी विचारलं, "यापुढे या बघणार का सगळं? कशा आहेत?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला, नजर खाली नेली. "बरी शे," ते म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. मला मात्र समोरचं सगळं अंधुक दिसायला लागलं. दाराबाहेर उभं राहून ऐकलेले तेच दोन शब्द, आणि इतकी वर्षं मी ते उलटे धरून बसले होते. गाडीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा राहवेना. म्हटलं, "तात्या, आज तरी. नुसती बरी?"

तात्या गाडीत बसले, सदऱ्याची इस्त्री सारखी केली आणि काच थोडी खाली घेतली.

"जास्त बोलायला लावू नकोस, बेटा," ते म्हणाले. "कँटीनमधल्या मिरच्या संपल्यात. मी आत्ताच विचारून आलो."