पेजेचा डबा

नीला परचुरे हाती घेतलेलं अर्धवट सोडत नसे. अँटिबायोटिकचा कोर्स असो की ऑफिसातलं टेस्टिंग, यादीतली शेवटची ओळ पूर्ण होईपर्यंत तिला चैन पडत नसे. अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये एकटीने नऊ वर्षं काढली ती या सवयीच्या जोरावर, असं तिला वाटायचं.

मार्चअखेर तिचं पित्त आणि डोकेदुखी दोन्ही वाढली. गोळ्यांना कंटाळून ती एका चिनी वैद्यबाईंकडे गेली. डॉक्टर लिन सत्तरीच्या होत्या. त्यांनी नीलाची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. म्हणाल्या, वसंत हा यकृताचा ऋतू. झाडांना पालवी फुटते तेव्हा शरीरातही काहीतरी वर येऊ पाहतं. हिवाळाभरचं जड अन्न आत तुंबलेलं असलं की त्याला वाट मिळत नाही. दहा दिवस तेल नको, आंबट नको, दूध नको. भाताची नाहीतर बार्लीची पातळ पेज, पातीचा कांदा, लॉनवर तणासारख्या उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या डँडेलियनची कोवळी पानं. पाणी कोमट. गार घोटसुद्धा नको.

"आणि राग, दुःख गिळू नका," त्या म्हणाल्या. "तेही तिथेच साठतं."

नीलाने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. हे शेवटचं सोडून.

आठ एप्रिलला तिने सुरुवात केली. सातवा दिवस चौदा तारखेला आला.

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी ती दरवर्षी राजाराम मेश्रामांकडे जेवायची. राजारामकाका हिंगणघाटचे. पूल तपासणारे इंजिनियर होते, आता निवृत्त. अमेरिकेतला पहिला हिवाळा नीलाने त्यांच्या घरात, वरच्या खोलीत काढला होता. बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. शेजारी बसून ओरडायचे, "ब्रेक नको मारू बाप्पा! ब्रेक म्हणजे बर्फाशी भांडण!" संध्याकाळी परत आलं की काकूंनी तिचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता घर विकलं होतं, आणि शनिवारी मुलगी संघमित्रा त्यांना दूर मॉरिसव्हिलला, आपल्या घरी घेऊन जाणार होती. या घरातली ही शेवटची जयंती होती.

काकांनी दुपारपासून स्वयंपाक केला होता. बाकीच्यांसाठी मटण आणि नीलासाठी वेगळी पाटवडी, कारण ती मटण खात नाही. घरात वीसेक माणसं होती. नीला आत आली तेव्हा तिच्या खांद्यावर थर्मास होता आणि हातात स्टीलचा डबा.

"काय गं नीले, उशीर केलास. घे, पाणी घे."

"नको काका, माझं आणलंय मी."

काकांचा ग्लास धरलेला हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला.

"आणि त्या डब्यात काय हाय?"

"पेज. सध्या मी बाहेरचं काही खात नाही ना. चायनीज मेडिसिन, काका. स्प्रिंग क्लेन्झ. आणि ही डँडेलियनची पानं."

"डँडेलियन?" काका हसले. "वीस वर्षं मी त्याच्यावर औषध मारून राहिलो, अन् तू ते खाऊन राहिलीस? लोक एकादशी करतात, तू पार चीनपर्यंत गेलीस उपासाला!"

सगळे हसले. नीलाही हसली. सगळ्यांबरोबर पानावर बसून तिने डबा उघडला आणि पेज खाल्ली. पाटवडी तशीच राहिली. काकांनी एकदाही आग्रह केला नाही. एरवी ते आग्रहाने माणसाला रडवायचे. थोड्या वेळाने ते ओट्याशी गेले आणि पाटवडीच्या पातेल्यावर त्यांनी झाकण ठेवलं. आवाज होऊ न देता.

निघताना संघमित्रा तिला गाडीपर्यंत सोडायला आली.

"नीला, तुला बरं वाटावं म्हणून नाही, पण सांगून टाकते. बाबा मॅट्रिकला तालुक्यात पहिले आले तेव्हा त्यांचे सर घरी आले होते. पाठ थोपटली, खाटेवर बसले. पाणी मात्र स्वतःचं घेऊन आले होते, फिरकीच्या तांब्यात. आजीने शिरा केला होता. सर म्हणाले, सध्या मी बाहेरचं काही खात नाही."

नीलाने हातातला डबा गाडीच्या टपावर ठेवला.

"अगं, बाबांना माहितीये तू तशी नाहीस. नऊ वर्षं जेवलीयेस इथे."

"मग?"

"मग काही नाही. आज त्यांना ते आठवलं असेल, एवढंच."

नीलाच्या घरी तसलं काही नव्हतं. वडील कुठलाच उपास करत नसत, जातपात मानत नसत, हे ती कॉलेजपासून अभिमानाने सांगत आली होती. त्या संध्याकाळी गाडीत बसून तिने हे वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं. ते तिला पुरेना.

तेव्हाच परत आत जाता आलं असतं. पातेलं अजून गरम असणार. पण सात दिवस झाले होते आणि तीन उरले होते. तिने ठरवलं, शुक्रवारी दहा दिवस पुरे होतील, शनिवारी काका निघायच्या आधी जायचं आणि हक्काने मागून खायचं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने पेज खाल्ली. फोनही केला नाही. त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय काय बोलायचं?

शनिवारी सकाळी डॉक्टर लिनकडे वेळ घेतलेली होती. त्यांनी जीभ पाहिली आणि मान हलवली. कडांचा लालपणा गेला होता. पांढरा थर गेला होता.

"छान. पण चेहरा असा का?"

नीलाने थोडक्यात सांगितलं. डॉक्टर लिन ऐकत राहिल्या.

"मी दहा दिवस म्हटलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "हेच दहा असं कुठे म्हटलं? वसंत तीन महिन्यांचा असतो."

नीला तिथून थेट काकांकडे गेली. संघमित्राच्या गाडीची डिकी भरलेली होती. काका दारात उभे होते, टोपी घालून.

"या नीलाताई. आता आलात?"

त्यांनी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

"काका, मला काहीतरी खायला द्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे, रिकाम्या स्वयंपाकघराकडे.

"भांडी गेली गं ट्रकमध्ये. काय देऊ?" मग ते म्हणाले, "पथ्य होतं तर आधी सांगायचं होतं. पेजच ना? मी शिजवली असती. तांदूळ होते घरात."

चूक काय झाली हे नीलाला त्या क्षणी पूर्ण कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

काकांनी प्रवासासाठी घेतलेल्या खोक्यातून पाण्याची एक बाटली काढून तिच्या हातात दिली. "घे. सीलबंद हाय." हे ते सहज म्हणाले की नाही, ते तिला ओळखता आलं नाही. घरात नळाचं पाणी होतं, पण ग्लास नव्हता.

तिने सील तोडलं आणि ती गार पाणी उभ्यानेच प्यायली, अर्धं, मग उरलेलं. काका तोवर थांबले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. संघमित्राने हात हलवला.

गाडी वळून गेल्यावर नीला लॉनच्या कडेला उभी राहिली. यंदा त्याच्यावर कोणी औषध मारलं नव्हतं. गवतभर पिवळी फुलं आली होती.