वाळूचा प्रसाद

आमच्या भूगोलाच्या सरांइतका आडमुठा माणूस साऱ्या आळंद तालुक्यात झाला नाही, आणि मी अजून त्यांच्यावर रागावलेलोच आहे. आमच्या खजुरी गावचं ऊन कमी पडतं म्हणून की काय, दर मे महिन्यात पेपर तपासून झाले की ते पाण्याचा तांब्या आणि कडक भाकरी घेऊन एकटेच जैसलमेरच्या वाळवंटात जात.

"कुठं जायलाव सर? देवाला?" शेजारच्या अक्का विचारत.

"न्हाई."

"मग लग्नाला? का कुणी वारलं?"

"वाळू बघायला जायलोय! तिथं असलं कुणी विचारत न्हाई म्हणून!"

गावाहून आलेल्याकडं प्रसाद मागायची आमच्याकडे रीतच. एकदा सरांनी चिडून अक्कांच्या तळहातावर चिमूटभर वाळू ठेवली. अक्कांनी ती कपाळाला लावून तोंडात टाकली. "कचकच लागतंय," त्या म्हणाल्या, "देव कडक दिसतोय."

"सर, मलाबी न्या की," असं मी दरवर्षी म्हणायचो. "तुला नेलं की दोघं झालो. मग खजुरी काय वाईट आहे?" हे उत्तर ठरलेलं. कॉलेजसाठी मी गुलबर्ग्याला निघालो तेव्हा माझे वडील सोबत यायला बसमध्ये चढले, तर सरांनी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. "एकट्याला जाऊ द्या अप्पा." आळंद येईपर्यंत मी रडत त्यांना शिव्या दिल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळंच. पण मला एकटं धाडणारा हा माणूस सोबत म्हणून कधी नेईना, ते मनातून जाईना.

पुढं सरांचे गुडघे गेले. मी म्हणालो, "यंदा चला, मी हात धरतो." सर उसळले. "हात धरून वाळवंट? तूच जा. एकटा!"

गेलो. चारी बाजूंना नुसती वाळू. कुणाचा तू, कुठं जायलास, कुणी विचारेना. आधी भीती वाटली, मग इतकं हलकं वाटलं की तिथंच बसून राहिलो. आणि सरांचा आणखीच राग आला. इतकी वर्षं हे सगळं सुख एकट्यानं भोगलं!

परतल्यावर त्यांच्या तळहातावर मी चिमूटभर वाळू ठेवली.

"हा काय प्रसाद आहे का रे?" सर खेकसले. मग अक्कांचं दार बंद आहे ना, ते पाहून घेतलं, आणि हळूच कपाळाला लावली.