खुडलेल्या मेथीची मूठ

चातुर्मासात सासूबाई पालेभाजीला शिवत नाहीत. आष्ट्यातल्या आमच्या जैन घराचा हा नेम मला ठाऊक होता, तरी दसरा झाल्यावर मी बागकामाचं पुस्तक वाचून परसात वाफे बांधायला बसले आणि सहज म्हणाले, "आई, नेम सुटेल तेव्हा माझ्या हातची मेथी वाढीन."

"पुस्तकात उगवती व्हय गं मेथी?" त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "बरं. तुझी आली तरच सोडीन. बाजारची नको."

थट्टेचा शब्द नेमात गेला. आता मेथी उगवली नाही, तर त्यांचं पान हिरव्यावाचून राहणार होतं.

आमच्या घरात कांदा, मुळा, गाजर लावत नाहीत. आमची हिवाळी बाग सगळी जमिनीच्या वर. वांगी, घेवडा, टोमॅटोची रोपं लावली. धणे पायतळी रगडून फोडले, पेरले. मेथी सपाट वाफ्यात फेकली. चौथ्या दिवशी परतीचा पाऊस कोसळला, काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि नुकते फुटलेले कोंब आंबूस वासाने कुजले.

मेथीला महिना हवा. नेम सुटायच्या कार्तिकी पौर्णिमेला पंचवीस दिवस उरले होते. मी शेणखत मिसळून हातभर उंच गादीवाफा रचला, भिजवून मोड आणलेले दाणे ओळीने पेरले. पहाटे दवाचा गारवा बोटांना लागे, आणि माती दाबली की ती आता चिकटत नसे, भुगा होऊन सुटे.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मेथी जेमतेम चार बोटं वाढली होती. जुडी भरावी म्हणून मी ती मुळासकट उपटायला वाकले.

"उपटू नको गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "जीव हाय त्यात. वरचं खुड. परत फुटंल."

खुडून मूठभरच निघाली. मुगाची डाळ, हिरवी मिरची, एवढंच घालून मी ती परतली. कडवट, कोवळा वास स्वयंपाकघरभर पसरला. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला.

"कडू हाय."

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"मेथी कडूच लागाय पायजे. बाजारच्या जुडीला ही चव न्हाई." आणि सगळी संपवून त्यांनी रिकामी वाटी पुढे केली.

उरलेली सगळी मी त्यांना वाढली. माझ्यासाठी कढईला लागलेला डाळीचा थर तेवढा राहिला. तो मी भाकरीने पुसून खाल्ला, मान ताठ ठेवून.