गोधडी माझ्याबरोबरच उठली

मंडळी, दुपारी जे झालं ते आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

किन्हवलीच्या आमच्या शेतात बांधावरून घसरून कमरेवर पडले, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून भिंत धरल्याशिवाय एकदाही उभी राहिले नव्हते. अंथरुणात पडल्या पडल्या सासूबाईंच्या जुन्या पांढऱ्या पातळावर निळे खंड्या पक्षी रंगवले. आता तेच पातळ वर घेऊन गोधडी शिवतेय. एकेक खंड्या, आणि त्याच्याभोवती धावदोरा.

आज सातव्या खंड्याच्या चोचीशी होते. किती वेळ गेला, कळलंच नाही. दुखण्याची दोनची गोळी तांब्याशेजारी तशीच पडलेली. तेवढ्यात शेजारच्या जनाकाकू दारातून ओरडल्या, "गो, तुझी मांजर दुधात तोंड घालतेय बघ!"

मी उठले, आणि माझ्याबरोबर अख्खी गोधडीही उठली. मांडीवरचा गाऊन मी गोधडीलाच शिवून टाकला होता!

मला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत. बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगो, तू भिंत नाय धरलीस."

मी खाली पाहिलं. खरंच की, माझ्या दोन्ही हातांत गोधडी होती.

ते टाके उसवायला मन होईना. गाऊनचा तेवढा तुकडा कापला आणि गोधडीतच राहू दिला.

तुमच्या घरच्या गोधडीत कोणाचा कुठला तुकडा आहे, सांगाल?