सुटलेला गंडा

देवीच्या उत्सवात तिच्या पालखीला खांदा देणारा माणूसच आडवा पडावा, तर भरवसा ठेवायचा कुणावर, असं त्या सकाळी माझ्या मनात आलं. आमच्या कासार आंबोलीच्या शिवेवर पालखी पोचली आणि ह्यांच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, अशी कळ उठली की पाठ फाटतेय म्हणाले. पालखी वाहणाऱ्याला उसण भरायचीच, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. कुणी तेल चोळलं, कुणी विटेचा शेक दिला. "उसणच हाय गं, लई मनावर घेऊ नगंस," हे म्हणाले, पण अंगाला दरदरून घाम सुटलेला. मी कुणाचं ऐकते! सरळ गाडीत घालून पौडला दवाखान्यात नेलं.

वाहणाऱ्याच्या उजव्या दंडाला देवीचा गंडा बांधतात. पालखी देवळात परतेपर्यंत तो सोडायचा नाही, त्यावर काही चढवायचंही नाही. म्हणून रक्तदाबाचा पट्टा मी नर्सबाईंना डाव्याच हाताला लावायला सांगितला. रक्तदाब ठीक निघाला, हृदयाचा कागदही बरा आला. डॉक्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहीत होते, एवढ्यात ह्यांनी कूस बदलली आणि गंड्याची गाठ सुटून तो खाली पडला. माझा धीरच गेला. "आई, तू बी हात सोडलास व्हय?" म्हणत मी तिथेच रडायला लागले.

डॉक्टर तरुण होते, मायाळू होते. "काकू, रडू नका, मीच बांधतो," म्हणत त्यांनी ह्यांचा उजवा हात हातात घेतला आणि थबकले. नाडी पाहिली, मग डाव्या हाताची पाहिली. पट्टा उजव्या दंडाला चढवला, तर रक्तदाब कितीतरी जास्त! "ही उसण नाही," ते म्हणाले. "हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं असावं. कोटाचं अस्तर उसवतं ना, तसं. रक्त त्या फटीत शिरतंय, म्हणून डाव्या हाताला कमी पोचतंय." लगेच शिरेतून औषध सुरू करून त्यांनी आम्हाला रुग्णवाहिकेने पुण्याला धाडलं. तिथल्या स्कॅनमध्ये तेच दिसलं. छाती उघडून धमनीचा फाटका भाग काढला, कृत्रिम नळी बसवली. घरी शेकत बसला असता तर माणूस हाती लागला नसता, असं तिथले सर्जन म्हणाले.

ती गाठ मी स्वतः आवळून मारली होती. घामाने सुटली म्हणा, कुशीवर वळल्याने म्हणा, मी वाद घालत नाही. आठवलं की आजही अंगावर काटा येतो आणि हात आपोआप जोडले जातात.

यंदा ह्यांना खांदा द्यायला मनाई आहे. पालखी दारात आली तेव्हा हे उंबऱ्यात उभे होते. मी त्यांच्या दंडाला गंडा बांधला, गाठ मात्र सैल ठेवली. बाकीचं तिचं ती बघेल.